विश्लेषण : न्या. रानडेंच्या निधनानंतर रमाबाईंनी स्वतःची ओळख पुन्हा कशी घडवली? शोकात ‘नॅरेटिव्ह थेरपी’ काय मदत करते?

जवळचे माणूस जाते तेव्हा त्याच्याबरोबर आपलीही एक ओळख जाते. काल कोणाची तरी पत्नी, कोणाची आई, कोणाचा भाऊ असलेली व्यक्ती आज नेमकी कोण, हा प्रश्न दहावा-तेरावा उरकल्यावर आणि पाहुणे परतल्यावर उभा राहतो. ‘नॅरेटिव्ह थेरपी’ म्हणजे कथनातून उपचार ही पद्धत याच प्रश्नावर काम करते. ती १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आकाराला आली. त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पुण्यातील रमाबाई रानडे कोणत्याही उपचारकाशिवाय अशाच वाटेने चालल्या होत्या. त्यांच्या आयुष्यावरून ही पद्धत आणि तिच्या मर्यादा दोन्ही समजून घेता येतात.

रमाबाई रानडे कोण होत्या?

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. त्यांचे माहेरचे नाव यमुना. मुलींना शिकवण्याची घरात पद्धत नव्हती, त्यामुळे अकराव्या वर्षी लग्न होईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती.

१८७३ मध्ये त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाईंना जाऊन काही आठवडेच झाले होते. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करील, या धास्तीने वडील गोविंदराव यांनी घाईने मुलगी शोधली. रानडेंनी विरोध केला, पण अखेर वडिलांपुढे मान तुकवली. बोलतात एक आणि करतात एक, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती पुढे आयुष्यभर त्यांचा पाठलाग करत राहिली.

यमुनेची रमा झाली ती अशी. या बदलात तिचे मत कोणी विचारले नव्हते.

पतीने शिकवले, मग घराने का अडवले?

लग्नानंतर लगेचच रानडेंनी पत्नीला पाटीवर अक्षरे गिरवायला लावली. काही वर्षांत त्या मराठी वाचू-लिहू लागल्या, मग इंग्रजीकडे वळल्या. पुण्यातल्या वाड्यात मात्र दोन वेगळी जगे होती. माडीवर पुस्तके, वर्तमानपत्रे आणि सुधारणेच्या चर्चा. खाली माजघरात सोवळेओवळे, सणवार आणि वडीलधाऱ्या बायकांचा धाक. इंग्रज शिक्षिका शिकवून गेल्या की त्यांना शिवल्यामुळे आंघोळ केल्याशिवाय रमाबाईंना स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे.

रानडेंची बहीण दुर्गा याच घरात होती. ती तरुणपणीच विधवा झाली होती. तिचा पुनर्विवाह व्हावा असे भावाला वाटत होते, पण वडिलांनी ते होऊ दिले नाही. भावजयीच्या शिक्षणाला घरातून झालेल्या विरोधात हीच नणंद पुढे होती. विधवेच्या वाट्याला काय येते, हे रमाबाईंनी स्वतःवर वेळ येण्याआधी अनेक वर्षे रोज जवळून पाहिले होते.

नाशिकला एका शाळेच्या समारंभात त्या पहिल्यांदा जाहीरपणे बोलल्या. ते भाषण रानडेंनी लिहून दिले होते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. स्वतः नुकत्याच विधवा झालेल्या या विदुषीच्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या आणि घरची बोलणी खात राहिल्या. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल व्हावे म्हणून गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचण्याचे कामही त्यांनी केले. १८८४ मध्ये ती शाळा सुरू झाली. आज ती हुजूरपागा या नावाने ओळखली जाते.

१९०१ मध्ये नेमके काय हरवले?

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. रमाबाईंना ३९ वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते. संसार २७ वर्षांचा झाला होता. पोटचे अपत्य नव्हते.

त्यांनी गमावला तो पती, शिक्षक आणि मार्गदर्शक एकाच वेळी. सार्वजनिक जीवनात त्यांना जी जागा मिळाली होती, ती पतीच्या पाठिंब्यावर उभी होती. आता तो पाठिंबा नव्हता.

त्या काळच्या ब्राह्मण समाजात विधवेची नवी ओळख तयारच असे. केशवपन, अंगावर आलवण, एकभुक्त राहणे, शुभकार्यात समोर न येणे आणि कानावर पडणारे पांढऱ्या पायाची असे शब्द. घरात आयुष्यभर राबणाऱ्या, पण नावाने फारशा न ओळखल्या जाणाऱ्या अशा बायका जवळपास प्रत्येक वाड्यात असत.

रमाबाई मुंबई सोडून पुण्याला परतल्या. आजच्या महात्मा फुले मंडईजवळच्या रानडेंच्या घरात त्यांनी जवळपास वर्षभर स्वतःला बाहेरच्या जगापासून दूर ठेवले.

नॅरेटिव्ह थेरपी म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे समाजकार्यकर्ते मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी ही पद्धत विकसित केली. १९९० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. माणूस स्वतःला गोष्टीच्या रूपात ओळखतो, ही या पद्धतीची मूळ कल्पना. घडलेल्या असंख्य प्रसंगांपैकी काही निवडून आपण त्यांची साखळी लावतो आणि मी असा आहे, मी तशी आहे, असे म्हणू लागतो.

अडचण तेव्हा येते, जेव्हा ही निवड दुसरेच कोणी करून ठेवते. घर, जात, गाव, रूढी यांनी लिहिलेली गोष्ट इतकी जड होते की तिच्यात न बसणारे प्रसंग माणसाला स्वतःलाच आठवेनासे होतात. उपचारक अशा वेळी दोन गोष्टी करतो. पहिली, त्रास आणि माणूस यांना बोलण्यात वेगळे काढतो. विधवापण हे बाईवर लादलेले आहे, ते म्हणजे ती बाई नव्हे, असा हा फरक. दुसरी, झाकले गेलेले प्रसंग प्रश्न विचारून वर आणतो आणि त्यांतून अधिक भरीव गोष्ट उभी करायला मदत करतो.

यात गोड किंवा खोटी गोष्ट रचणे अपेक्षित नसते. जे खरोखर घडले, त्यातलेच दुर्लक्षित प्रसंग शोधायचे असतात.

गेलेल्या माणसाला विसरायचे की नाही?

शोकाबद्दल पाश्चात्त्य मानसशास्त्रात बराच काळ एक समज होता. सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ मधील निबंधापासून असे मानले गेले की शोक पूर्ण व्हायचा तर मृत व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घ्यावे लागते. त्यालाच पुढे पुन्हा उभे राहणे म्हटले गेले.

मायकेल व्हाइट यांनी १९८८ मधील एका लेखात याच्या उलट दिशेने विचार मांडला. वर्षानुवर्षे शोकात अडकलेल्या लोकांना निरोप घ्या असे सांगून उपयोग होत नाही, हे त्यांनी पाहिले होते. ते वेगळे प्रश्न विचारू लागले. गेलेल्या माणसाला तुमच्यात काय आवडत असे? ते तुम्हाला आज स्वतःत दिसते का? तो इथे असता तर तुमच्या गेल्या महिन्यातील कोणत्या गोष्टीचे त्याला कौतुक वाटले असते? अशा प्रश्नांतून मृत व्यक्तीशी असलेले नाते नव्या रूपात परत आणता येते, असे त्यांना आढळले. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी मृत व्यक्तीशी टिकून राहणाऱ्या बंधांवर पुस्तक संपादित केले आणि हा विचार शोकाच्या अभ्यासात रुजला.

महाराष्ट्रातल्या घरांना हे अगदी अनोळखी नाही. पितृपंधरवड्यात गेलेल्यांच्या नावाने पान वाढणे, त्यांच्या आवडीचा पदार्थ आवर्जून करणे यामागे नाते संपलेले नाही, हीच समजूत असते. नॅरेटिव्ह थेरपी त्यात एक पाऊल पुढे जाते. गेलेल्या माणसाबद्दल बोलण्याबरोबरच त्या नात्याने आपल्याला काय दिले आणि आपण त्या माणसाला काय दिले, हेही ती विचारते.

रमाबाईंनी विजनवासानंतर हाती घेतलेल्या कामांपैकी एक याच जातीचे होते. रानडेंची धर्मपर व्याख्याने एकत्र करून ती त्यांनी प्रसिद्ध केली. ज्यांचे पहिले भाषण पतीने लिहून दिले होते, त्या आता पतीचे शब्द वाचकांपर्यंत पोहोचवत होत्या.

‘आठवणीं’त रमाबाई कुठे दिसतात?

१९१० मध्ये रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आले. पतीच्या निधनाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. वरवर पाहता हे न्या. रानडेंचे चरित्र आहे. पतीचे नाव न घेण्याच्या रिवाजानुसार त्या त्यांचा उल्लेख स्वतः या शब्दाने करतात. मराठी घरांत नवऱ्यासाठी हा शब्द तेव्हा सर्रास वापरला जाई. पुढे १९३८ मध्ये निघालेल्या इंग्रजी भाषांतराला याच शब्दावरून नाव दिले गेले.

त्यांच्यापुरता स्वतः म्हणजे नवरा. पण पुस्तक उघडल्यावर पाटी हातात धरलेली मुलगी, माडी आणि माजघर यांच्यात ओढली जाणारी तरुणी आणि सभेत उभी राहणारी बाई हीच सतत भेटत राहते. पतीची गोष्ट सांगताना त्यांनी आपली गोष्टही सांगून टाकली, तीही आमच्या या शब्दाच्या आडून.

पुस्तकातले प्रसंग छोटे आणि घरगुती आहेत. सरकारी कामासाठी कलकत्त्याला मुक्काम असताना रानडे बंगाली शिकू लागले, तेव्हा दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाही ते शब्दांचे अर्थ विचारत. न्यायाधीशाने न्हाव्याची शिकवणी लावलेली पाहून रमाबाईंनी त्यांची थट्टा केली. चांगला आंबा चिरून समोर ठेवला तरी एक-दोन फोडींवर थांबणारे रानडेही इथे भेटतात. थोर पुरुषाच्या मोठ्या चरित्रात असे प्रसंग आले नसते. ते सांगू शकणारी व्यक्ती एकच होती.

मतभेदही त्यांनी लपवले नाहीत. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून मोठा वाद झाला आणि पुढे रानडेंनी प्रायश्चित्त घेतले. हे रमाबाईंना पटले नव्हते आणि त्यांनी तसे लिहिले. गेलेल्या माणसाला देव केले की त्याच्याशी बोलणे संपते. रुसायला, वाद घालायला जागा ठेवली तर नाते माणसांमधले राहते. आजचे शोक-समुपदेशकही गेलेल्या व्यक्तीच्या न पटलेल्या गोष्टी बोलायला मोकळीक देतात, ते यासाठीच.

गोष्टीला साक्षीदार कसे मिळाले?

नॅरेटिव्ह थेरपीत साक्षीदारांना मोठे महत्त्व आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा मायरहॉफ यांच्या कामावरून व्हाइट यांनी ही कल्पना घेतली. आयुष्य हे एक मंडळ आहे आणि त्याचे सभासद कोण असावेत, कोणाच्या मताला वजन असावे, हे आपण ठरवू शकतो, असे ते मांडत. बदललेली गोष्ट एकट्याने मनात ठेवली तर जुनी गोष्ट तिला पुन्हा गिळते. ती ऐकणारी, मानणारी माणसे लागतात.

रमाबाईंनी आपले मंडळ वाढवत नेले. डिसेंबर १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात जाऊन त्या स्त्री कैद्यांना भेटत. रुग्णालयांत फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जात.

सर्वांत मोठे काम २ ऑक्टोबर १९०९ रोजी सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. सुरुवातीला त्यांच्या राहत्या वाड्यातच जागा दिली गेली. विधवा, परित्यक्ता आणि शिकायचे राहून गेलेल्या बायकांना लिहायला-वाचायला, शिवणकाम करायला, शिक्षिका व्हायला तिथे शिकवले जाई. परिचारिकेचे काम तेव्हा हलके समजले जात होते. सेवासदनने त्यासाठी बायकांना तयार केले आणि ससून रुग्णालयात प्रशिक्षणाला पाठवले.

इथे तारखा जवळजवळ ठेवून पाहण्यासारख्या आहेत. सेवासदन १९०९ मध्ये सुरू झाले, ‘आठवणी’ १९१० मध्ये आल्या. स्वतःची गोष्ट कागदावर उतरत होती, त्याच सुमारास ज्यांना अपशकुनी म्हटले जाई अशा बायकांना शिक्षिका आणि परिचारिका ही नवी ओळख मिळू लागली होती. दुर्गाला जे मिळाले नाही, ते या बायकांना त्याच घराण्याच्या वाड्यात मिळाले.

पुढे पुणे नगरपालिकेत सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलग्यांपुरते ठेवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा मुलींनाही त्यात घ्यावे म्हणून रमाबाईंनी बायकांना रस्त्यावर आणले. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या लढल्या. त्यांचे भाषण लिहून द्यायला आता कोणी नव्हते आणि त्याची गरजही उरली नव्हती.

या दृष्टिकोनाच्या मर्यादा कोणत्या?

रमाबाईंनी उपचार म्हणून लिहिले, असे म्हणता येणार नाही. पतीची स्मृती जपणे हा त्यांचा हेतू होता. पुस्तक रानडेंच्या मृत्यूपाशी थांबते. नंतरच्या वर्षांबद्दल, एकटेपणाबद्दल ते गप्प आहे. आजच्या वाचकाला त्यातली पतिभक्ती खटकूही शकते.

परिस्थितीचाही वाटा होता. न्यायमूर्तींची पत्नी, राहायला वाडा, शिक्षण, सुधारक मित्रांचा गोतावळा हे सगळे त्यांच्याकडे होते. गावातल्या निरक्षर विधवेला नुसती गोष्ट बदलून भागले नसते. तिला आधी जमीन, मजुरी आणि डोक्यावर छप्पर हवे होते. सेवासदनने बायकांना नोकरीलायक शिक्षण देण्यावर भर दिला, यावरून त्यांच्या संस्थापकांना हे कळत होते असे दिसते.

प्रश्न जुना झालेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या अंत्यविधीवेळी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे थांबवण्यासाठी हा ठराव होता. राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. रमाबाईंच्या वैधव्याला तेव्हा १२१ वर्षे झाली होती.

आज शोकात असलेल्यांनी काय करावे?

बहुतेक लोकांचा शोक काळ, कुटुंब आणि काम यांच्या आधाराने हळूहळू हलका होतो. त्याला उपचाराची गरज नसते. काहींच्या बाबतीत मात्र तो हटत नाही. २०२२ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या नियमावलीत दीर्घकाळ टिकणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद झाली. प्रौढांमध्ये मृत्यूनंतर किमान १२ महिने उलटल्यावरच हे निदान करता येते. त्याच्या लक्षणांच्या यादीत ओळख हरवल्याची, आपलाच एक भाग मेल्याची भावना नमूद आहे.

लिहिण्याने बरे वाटते, असे अनेक जण सांगतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ पासून यावर संशोधन प्रसिद्ध केले आहे. लिहिताना सुरुवातीला दुःख वाढू शकते आणि प्रत्येक अभ्यासात फायदा दिसलेला नाही. म्हणून मृत्यूनंतर लगेच कोणाला वही-पेन हातात देऊन लिही म्हणणे योग्य नाही. रमाबाईंचे पुस्तक यायलाही नऊ वर्षे गेली.

मन थोडे स्थिर झाल्यावर घरच्यांना काही साध्या गोष्टी करता येतात. गेलेल्या माणसाचे नाव घेणे टाळू नये. त्याच्याबद्दलचे छोटे प्रसंग विचारावेत. तू त्याच्यासाठी काय होतीस, त्याच्याकडून शिकलेले काय आजही करतेस, असे विचारता येते. आता विसर, पुढे बघ, हे सल्ले टाळावेत. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करूनही गोष्ट सांगता येते.

झोप, जेवण, काम पूर्ण विस्कटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशकाकडे जावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत मदत मिळते आणि मराठीतून बोलता येते.

रमाबाई रानडे यांचे १९२४ मध्ये निधन झाले. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. २०१२ मध्ये आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्यांचे नाव पुन्हा घरोघरी पोहोचले. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर सेवासदन आजही उभे आहे आणि तिथे मुली शिकत आहेत.